उसना न्यूट्रल

सिडकोत, पवननगरच्या मागच्या गल्लीत
बागुलांच्या घरी जिन्यातला दिवा लावला
की वरचं-खालचं दोन्ही घरं अंधारात.
फोन खालून आला. दहा मिनिटांनी वरूनही आला.
तक्रार तीच, पत्ता तोच,
फक्त "त्यांना सांगू नका" एवढं जास्तीचं.

डिसेंबर. नाशिकची थंडी फरशीतून तळव्यांत चढते.
शिडी आणली, टेस्टर, सिरीजचा दिवा,
आणि हाताने फिरवायचा जुना मेगर,
सातपूरच्या आयटीआयमधल्या सरांनी दिलेला.

आधी सोपं ते पाहिलं.
बल्ब बदलला. होल्डर उघडला:
दोन मेलेल्या पाकोळ्या, कोळ्याचं जाळं. दोष नाही.
भिंतीवरून हात फिरवला. ओल होती,
पण ती गच्चीची, जुनी, तिचा विजेशी संबंध नव्हता.
मेगर फिरवला, काटा थेट अनंतावर जाऊन बसला.
म्हणजे वायरची कातडी शाबूत.
कुठे सोललेली नाही, कुठे भिंतीला टेकलेली नाही.

असल्या वेळी मी हात थांबवते
आणि घर ऐकते.

"आता लावा," म्हटलं.
त्र्यंबकभाऊंनी बटण दाबलं.
खाली टक्.
आणि वर, त्याच क्षणी,
टक्.

आरसीसीबी हे काही फार हुशार यंत्र नाही.
गेलेलं मोजतं, आलेलं मोजतं,
तीस मिलिअँपिअरची तफावत निघाली
की कुणाचं ऐकून न घेता पडतं.
जुन्या बोर्डात ते नव्हतंच. तेव्हा मीटरही एक होता.
वाटणी आषाढात झाली: मीटर दोन, बोर्ड दोन,
पाण्याच्या टाक्या दोन, चपलांचे स्टँड दोन.
जिना तेवढा एकच राहिला. तो कसा कापणार?

दोन्ही मेन पाडून मधल्या वळणावरचा बॉक्स उघडला.
त्यासाठी रंगाचे थर खरवडावे लागले,
पिवळा, पिस्ता, पुन्हा पिवळा.
आत लाल वायर खालून आलेली,
काळी वर गेलेली.

"वडिलांनी स्वतः ओढली," त्र्यंबकभाऊ मला म्हणाले,
"अठ्ठ्याऐंशी साली, वरचा मजला चढवला तेव्हा.
शंभर मीटरचं बंडल पुरेना,
म्हणून जवळचा न्यूट्रल घेतला."
वरून, कठड्यापाशी उभ्या निवृत्तीभाऊंचा आवाज आला,
तोही मलाच:
"शंभर नाही, नव्वद.
दुसरं टोक मी धरलं होतं."

मग कुणी बोललं नाही.
खालून मोबाईलची बॅटरी माझ्या हातांवर,
वरून चार्जिंगचा टॉर्च,
आणि बॉक्सात एकेका बोटाला दोन-दोन सावल्या,
कुठला स्क्रू खरा ते कळेना.

वीज खालून निघायची, दिव्यात जळायची,
वरच्या घरातून परत जायची.
पस्तीसेक वर्षं हिशोब चुकला नाही,
कारण मोजणारं कुणी नव्हतं.

विचारलं, "हा दिवा कुणाच्या मीटरवर घेऊ?
न्यूट्रल खालून ओढला तर पाच मीटर लागेल,
फेज वरून आणला तर साडेसहा."
महिन्याला वीस-पंचवीस रुपयांचा प्रश्न.
दोघंही बॉक्सकडे बघत राहिले,
जसं काही तोच सांगणार होता.

मी उघड्या टोकांना टेप गुंडाळला,
झाकण नुसतं टेकवलं, स्क्रू खिशात ठेवले.
मेन चढवले. खालचं घर लागलं, वरचं लागलं,
वर कुणाचा तरी मिक्सर अर्धवट चटणीवर पुन्हा सुरू झाला.

त्र्यंबकभाऊंना तीनशे सांगितले. दीडशे मिळाले, मोजून.
वर गेले, काही सांगायच्या आत
निवृत्तीभाऊंनी दीडशे पुढे केले.

उतरताना पायरी दिसेना.
मागून टॉर्च पडला, वळणापर्यंत,
तिथून पुढे खालची बॅटरी.

शिडी तिथेच ठेवून आले.
उद्या यायचंच आहे.